मी टेप थांबवते ती जागा

मावशी,

काल वर्गात पुन्हा ती टेप दाखवली. आता तिची कॉम्प्युटरमधली फाइल झाली आहे, पण मी अजून टेपच म्हणते आणि मुलं हसतात. राखाडी पडदा, त्यावर विखुरलेल्या पेशी, आणि मधून मधून उडी मारणारं चित्र, कारण आपला तेव्हाचा रेकॉर्डर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घ्यायचा. त्या पेशी तुमच्या छातीतून काढलेल्या पाण्यातल्या आहेत हे मी मुलांना सांगत नाही. 'एका रुग्णाच्या' एवढंच सांगते. वर्गात अंधार असतो आणि पडद्यावर तुम्ही हलत असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्या त्या वयापेक्षा मोठी आहे. तरी टेप दाखवायच्या दिवशी मी वर्गाचं दार हळू उघडते, आत कुणी आधीच येऊन बसलेलं असेल तर दचकू नये म्हणून.

तुम्ही माझ्या गाईड होतात, नात्याने कुणीच नाही. नागपूरहून एम.एस्सी. करून मी न्यू जर्सीत तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा पहिली अडचण पडली ती हाक मारण्याची. तिथे सगळे तुम्हाला नावाने हाक मारत, काचसामान धुणारे म्हातारे गृहस्थसुद्धा. माझ्या तोंडून तुमचं नाव निघेना. मॅडम म्हटलं की तुम्ही मुद्दाम मागे वळून बघायचात, मागे कोणी मॅडम उभी आहे का. शेवटी मी हाक मारणंच सोडलं. तुमच्या टेबलाजवळ येऊन खाकरायची. काही आठवडे तुम्ही ते चालवून घेतलंत आणि मग एक दिवस मान वर न करता विचारलंत, "तुला दमा आहे का गं?" मी नाही म्हणाले. "मग लॅबमध्ये नावाने आणि घरी मावशी. मॅडम नागपूरलाच ठेव." घरी मी मावशी म्हणू लागले. लॅबमध्ये मात्र खाकरतच राहिले, आणि तुम्हीही माझ्या खाकरण्याला ओ द्यायला शिकलात.

आपलं काम स्तनांच्या कर्करोगावर होतं. पण बाकीचे लोक कर्करोगाच्या पेशी बघायचे, तुम्ही त्यांचे शेजारी बघायचात. गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कर्करोगाच्या पेशींच्या मधे मधे शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी दिसतात, कधी कधी ढिगाने. त्यातल्या मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या सफाईवाल्या. जंतू गिळायचे, मेलेल्या पेशी उचलायच्या, कुठे जखम झाली की धावत जायचं आणि ती भरून येईपर्यंत हलायचं नाही. गाठीत त्या दिसल्या म्हणजे शरीर लढतंय, चांगलं लक्षण आहे, असं मी शिकून आले होते. पहिल्याच महिन्यात एका कापाकडे बघून मी तसं उत्साहाने म्हणालेही. तुम्ही म्हणालात, "फोटोत पोलीस दिसला म्हणजे चोर पकडला गेला का? पोलीस तिथे काय करतोय ते फोटोवरून कसं कळणार?"

म्हणून तुम्ही हलती चित्रं घ्यायचात. लॅबच्या आतल्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. सूक्ष्मदर्शकाभोवती प्लास्टिकची मोठी पेटी, पेटीत हीटर, आणि आतली हवा कायम माणसाच्या अंगाइतकी गरम. मला ती खोली कधीच आवडली नाही. दार उघडलं की मानेवर ऊब यायची, कुणीतरी अगदी जवळ उभं असल्यासारखी. तिथेच मी पहिल्यांदा ते पाहिलं. उंदरांच्या गाठीतल्या कर्करोगाच्या पेशी एकट्या ठेवल्या की काचेच्या चपट्या बशीत बसून राहायच्या, जागच्या जागी थोड्या थरथरायच्या. त्यांच्यात मॅक्रोफेज सोडल्या की चालायला लागायच्या. पुढे मॅक्रोफेज, मागे कर्करोगाची पेशी. मॅक्रोफेज थांबायची, मागची जवळ यायची, आणि दोघी पुन्हा निघायच्या. मी तुमची बाही ओढली. "मावशी, ती तिची वाट बघतेय!" तुम्ही उठून दिवा लावलात. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी आजही मुलांना इंग्रजीत सांगते. "पेशी वाट बघत नाही. पेशी थांबते. वाट बघायला मन लागतं, आणि एकदा तिथे मन ठेवलंस की तुला तुझंच काहीतरी दिसायला लागेल. लिही, थांबली." मी लिहिलं, थांबली. कान गरम झाले होते. लॅबमध्ये मी तुम्हाला मावशी म्हणाले, हे त्या गडबडीत दोघींच्याही लक्षात आलं नाही.

तुमचं स्वतःचं त्याच कर्करोगाचं ऑपरेशन मी येण्याआधीच होऊन गेलं होतं. ते मला तुमच्याकडून नाही, वेस्ट विंडसरच्या तुमच्या स्वयंपाकघरात पलीकडच्या गल्लीतल्या काकूंकडून कळलं. तुम्हाला खोकला सुरू झाला होता. दुखणं परत आलंय आणि फुप्फुसाभोवती पाणी साठतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रविवारची सकाळ, तुम्ही ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसून आमटीला फोडणी देताय, कारण उभं राहिलं की दम लागतो. काकू मोठा डबा घेऊन आल्या. डिंक, मेथी, भरपूर हळद, आणखी काय काय घातलेले लाडू. "डॉक्टर लोक त्यांचं करतील गं," त्या म्हणाल्या, "पण तुझी रेझिस्टन्स पॉवर वाढायला पाहिजे. रोज सकाळी एक खा. एकदा का शरीर आतून स्ट्राँग झालं ना, की हा कॅन्सर कसा पळतो बघ!"

"पळतो ना," तुम्ही शांतपणे म्हणालात. "तेच तर बघत असते मी दिवसभर."

काकूंना तो विनोद वाटला आणि त्या खूप हसल्या. मी हातातला चहा बशीत सांडला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि लाडूचा तुकडा तोंडात टाकून काकूंना म्हणालात, "मस्त झालेत हं. डिंक कुठून आणलास?"

त्याच वेळी काका वरच्या मजल्यावरून खाली आले. तुमचे यजमान रोज प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जाणारे इंजिनियर, आवाज कधी न चढवणारे. त्या दिवशी चढला. "तू तरी सांग हिला," ते मला म्हणाले. "डॉक्टरांनी एक नवीन औषध ऑफर केलंय. ट्रायल आहे. शरीरातल्या संरक्षक पेशींनाच जागं करायचं, म्हणजे त्याच कॅन्सरला खाऊन टाकतील. इथे राहतो म्हणून हे मिळतंय आपल्याला. पुढच्या भेटीत हो की नाही ते सांगायचंय, आणि ही विचार करतेय! हो म्हणायला काय जातं?"

"माझं जातं," तुम्ही म्हणालात. "अहो, ते कुणाला जागं करणारेत तेच मला कळत नाहीये."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. आमटी उतू गेली.

त्यानंतरच्या शुक्रवारी तुम्ही दुपारी लॅबमध्ये आलात. सकाळी हॉस्पिटलमध्ये छातीतलं पाणी काढलं होतं, घरी झोपायला सांगितलं होतं. तुमच्या हातात नेहमीची डब्याची पिशवी होती. त्यातून तुम्ही तो रुंद तोंडाचा थर्मास काढलात, ज्यात तुम्ही माझ्यासाठी आमटी आणायचात, आणि माझ्यासमोर ठेवलात. मला वाटलं जेवायला बोलावताय. मी आपली वाटी घेऊन आले. तुम्ही झाकण फिरवलंत. आत कोमट पाणी होतं, आणि पाण्यात उभी एक बंद काचेची बाटली. बाटलीत पिवळसर, किंचित लालसर पाणी, आमटीच्या कटावरच्या निवळीसारखं. थर्मासला गोड्या मसाल्याचा वास येत होता. तो वास कितीही धुतलं तरी जात नसे.

"हात लाव," तुम्ही म्हणालात. मी बाटलीला बोटं लावली. "कोमट आहे ना? थंड पडू दिली नाही वाटेत. माझंच आहे ते."

मी हात मागे घेतला. तुमच्या अंगातली ऊब माझ्या बोटांवर होती आणि तुम्ही हातभर अंतरावर उभ्या होतात. इतक्या वर्षांत मला भीती वाटण्यासारख्या गोष्टी पुष्कळ घडल्या, पण त्या बोटांसारखं काही नाही. तुम्ही म्हणालात, "माझे हात थरथरतायत आज. तू कर. आणि हे बघ, पेशंट कोण ते विसर." हॉस्पिटलमध्ये तुम्ही ती बाटली मागून घेतली होती. त्यांना त्यातल्या फक्त कर्करोगाच्या पेशी बघायच्या होत्या, त्यासाठी थोडं पाणी त्यांनी काढून घेतलं होतं. बाकीच्या कोण आहेत आणि काय करतायत, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. तुम्हाला मात्र डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं, आणि ते देण्याआधी एकदा तुमच्या स्वतःच्या सफाईवाल्यांना कामावर असताना बघायचं होतं.

मी काम केलं. मॅक्रोफेज बशीच्या तळाला लवकर चिकटतात, कर्करोगाच्या पेशी सावकाश. म्हणून आधी चिकटू द्यायचं आणि वर तरंगणाऱ्या पेशी दुसऱ्या बशीत ओतून घ्यायच्या. एका बशीत एकट्या कर्करोगाच्या पेशी, दुसरीत दोन्ही एकत्र. तुम्ही स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होतात. मधेच म्हणालात, "हळू. दुखत नाही मला, पण तरी हळू." आणि स्वतःच हसलात. मला हसता आलं नाही.

रेकॉर्डर शनिवार-रविवार चालू राहिला. सोमवारी दुपारी आपण दोघी त्या गरम खोलीत बसलो. पहिली बशी: पेशी बसून आहेत, थरथरतायत, कुठेही जात नाहीत. तुम्ही श्वास सोडलात. मग दुसरी. आधी वाटलं, इथेही काही नाही. मग डावीकडची एक मॅक्रोफेज निघाली. लांबट, पुढे पातळ पदरासारखी पसरत जाणारी. तिच्या मागे एक गोल, मोठी पेशी सुटी झाली आणि चालू लागली. पहिल्या बशीत जिच्या बहिणी हलतही नव्हत्या तीच. पडद्याच्या उजव्या कडेशी येऊन मॅक्रोफेज थांबली. तिचा पुढचा भाग हलायचा बंद झाला. बाकी सगळं चित्र उड्या मारत होतं, ती एकटी स्थिर होती.

"वाट बघतेय," तुम्ही म्हणालात.

मी दिवा लावायला उठले नाही. मागची पेशी हळूहळू जवळ आली, तिच्या कडेला टेकली, आणि दोघी मिळून चित्राबाहेर गेल्या. मग त्यांच्याच वाटेने आणखी एक जोडी. मग आणखी एक. "कुठे गेल्या?" मी विचारलं. प्रश्न वेडगळ होता, बशी पुढेही होतीच, कॅमेऱ्याला दिसत नव्हती एवढंच. तुम्ही पडदा संपून जिथे भिंत सुरू होत होती तिथे बघत राहिलात, जणू तुम्हाला त्या अजून दिसत होत्या. हीटर घुमत होता. मी म्हणाले, "फितूर आहेत."

"छे गं," तुम्ही लगेच म्हणालात, आणि इतक्या मायेने, की जणू मी तुमच्या माहेरच्या कुणाला नाव ठेवलं होतं. "फितूर कसल्या. त्यांना वाटतंय तिथे कुणीतरी जखमी आहे. बिचाऱ्या त्यांचं कामच करतायत." मग पिशवीतून काकूंच्या लाडवांपैकी एक काढून अर्धा मला दिलात, अर्धा स्वतः खाल्लात.

संध्याकाळी तुम्ही मलाही गाडीत घेतलंत. काकांच्या गाडीच्या वेळी तुम्ही रोज स्टेशनवर जायचात आणि नेहमी लवकर पोचायचात. इंजिन बंद, काच खाली, तोंड प्लॅटफॉर्मकडे. थंडी असली तरी काच खालीच. मी मागच्या सीटवर होते. काका येऊन बसले, दार लावलं, आणि तुम्ही गाडी सुरू न करता म्हणालात, "मी डॉक्टरांना 'नाही' म्हणून सांगणार आहे."

काका तुमच्याकडे वळले. शुक्रवारच्या थर्मासचं त्यांना माहीत होतं. "एका थर्मासवरून?" ते म्हणाले.

"एका थर्मासवरून काहीच सिद्ध होत नाही. माझ्या विद्यार्थिनीने असं लिहून आणलं तर मी फाडून टाकीन. पण मला थिसिस लिहायचा नाहीये. आत कोण कुणाच्या बाजूने आहे ते मला माहीत नाही, आणि न कळता सगळ्यांना उठवायचं नाहीये मला. झोपू देत."

"आणि त्यातल्या काही खरंच लढणाऱ्या असल्या तर?"

"असतीलही," तुम्ही म्हणालात आणि किल्ली फिरवली.

पुढचा हिवाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. मी त्या दिवशी लॅबमध्ये होते. बातमी आली तेव्हा तुमच्या दोन्ही बश्या इन्क्युबेटरमध्ये होत्या आणि त्यांचं पोषकद्रव बदलायचा दिवस होता. मी ते बदललं. न बदलून काय करायचं ते सुचेना. दुसऱ्या बशीत तोवर एकही मॅक्रोफेज उरली नव्हती. त्या बशीत वाढत नाहीत, काही आठवडे जगतात आणि संपतात. उरल्या होत्या त्या फक्त कर्करोगाच्या, गच्च भरलेल्या, ताज्या द्रवात चमकणाऱ्या. म्हणजे जे तुमचं होतं ते तुमच्या आधीच गेलं होतं, आणि ज्यांनी तुम्हाला नेलं त्यांना मी दूध घालावं तसं ते द्रव घालत होते. तेराव्यानंतर मी त्या बश्यांमध्ये ब्लीच ओतलं. द्रवाचा गुलाबी रंग गेला आणि तळ स्वच्छ झाला. वाईट वाटलं नाही. हात मात्र बराच वेळ धुतले.

आता हे सगळं पुस्तकात आहे, मावशी. कर्करोगाच्या पेशी मॅक्रोफेजना बोलावणारं रसायन सोडतात, मॅक्रोफेज त्यांना वाढवणारं आणि चालवणारं रसायन देतात, आणि अशा जोड्या रक्तवाहिनीपर्यंत पोचतात. मुलं हे परीक्षेत लिहितात. आणि हेही लिहितात की संरक्षक पेशींमध्ये लढणाऱ्याही आहेत, आणि त्या लढणाऱ्यांना जागं करणारी औषधं आता काही रुग्णांना खरोखर उपयोगी पडतात. म्हणजे तुमचं बरोबर होतं आणि काकांचंही. तुमच्या वेळच्या त्या औषधाने कोण जागं झालं असतं, ते मला सांगता येत नाही. मी पुष्कळ विचार केला आहे. सांगता येत नाही.

काकांना तेच जाणून घ्यायचं होतं. तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी ते लॅबमध्ये आले, ऑफिसच्या कोटात, हातात टोपी. "तिने काय पाहिलं ते मला बघायचंय," म्हणाले. मी त्यांना त्या खोलीत नेलं, तुमच्या खुर्चीवर बसवलं आणि टेप लावली. त्यांनी विचारलं, "यातली ही कोण?" मी सांगितलं, दोन्ही मावशींच्याच, पण पुढची लांबट आहे ती संरक्षक, आणि मागची गोल ती गाठीतली. ते पुढे वाकले. लांबट पेशी उजव्या कडेशी आली आणि थांबली.

"थांबली का?"

"हो."

"वाट बघतेय," काका म्हणाले. मग त्यांचा चेहरा सैल झाला, तुमचं दुखणं परत आल्यापासून मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "तिची सवयच ती. मी सांगायचो, गाडी लेट होते, तू घरीच थांब, मी टॅक्सीने येईन. पण नाही. आपली काच खाली करून बसलेली."

ते ज्या पेशीकडे बघत होते ती खरोखर तुमचीच होती. तेवढं तर खरंच होतं. मागची पेशी जवळ येत होती. आणखी दोन-तीन उड्या, आणि ती टेकली असती. मी बटण दाबलं. पडदा निळा झाला.

"पुढे?" काकांनी विचारलं.

"संपली टेप," मी म्हणाले.

ते टोपी घालून उठले, दारात थांबून त्या निळ्या पडद्याकडे एकदा बघितलं आणि गेले. आता तेही नाहीत.

कालही मी तिथेच थांबवली. पुढे काय होतं ते मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते, बाण घालून, रसायनांच्या नावांसकट. शिकवण्यात काही कमी ठेवत नाही. तरी एका मुलीने मला नावाने हाक मारून विचारलंच, इथे सगळे मला नावानेच हाक मारतात, की हा व्हिडिओ एवढाच आहे का. मी तिलाही तेच सांगितलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही त्यातलं 'वाट बघतेय' खोडून परत धाडलं असतं, स्वतःचं सोडून. वर्गात मी 'थांबली' असंच म्हणते.

टेप तिथे संपत नाही. ते आता आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही.